एकसष्टचे उत्तर

एक संख्या घ्या. तिचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा आणि १ मिळवा. येणारे उत्तर पुन्हा एखाद्या संख्येचा पूर्ण वर्ग असले पाहिजे. भास्कराचार्यांनी इसवी सन ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुऱ्या केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या बीजगणितात हे उदाहरण घातले आहे. ही अट पाळणारी सर्वांत लहान संख्या २२६१५३९८० आहे. तिच्या वर्गाच्या एकसष्टपटीत १ मिळवला की १७६६३१९०४९ या संख्येचा वर्ग मिळतो. तो वर्ग एकोणीस अंकी आहे: ३११९८८२९८२८६०२६४४०१. ज्या काळात हिशेब धुळीच्या पाटीवर किंवा तोंडी होत, त्या काळी हे उत्तर एकाही अंकाची चूक न होता लिहिले गेले.

एकशे शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास ही संख्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाच्या वहीत एकदा तरी यायला हवी. पाठ करून नव्हे, स्वतः काढून. या स्फुटाचा हेतू तेवढाच आहे, आणि तो किती साध्य होण्यासारखा आहे हे दाखवण्यासाठी आधी गणितच करायला हवे.

या उदाहरणातली गंमत शेजारच्या संख्या पाहिल्या की कळते. ६१ च्या जागी ६० घेतले तर उत्तर ४ आहे: १६ ची साठपट ९६०, त्यात १ मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ घेतले तर ८ पुरतात. ६३ ला तर १ च पुरतो, कारण ६३ अधिक १ म्हणजे ६४. ५९ जरा ताण देते, पण तिथेही ६९ वर काम भागते. आणि या सगळ्यांच्या मधोमध बसलेले ६१ एकदम नऊ अंकी उत्तर मागते. कुणी १, २, ३ अशा संख्या ओळीने तपासायचे ठरवले आणि रात्रंदिवस न थांबता सेकंदाला एक संख्या तपासली, तरी सात वर्षांहून अधिक काळ लागेल. शंभरपर्यंत, हजारपर्यंत, लाखापर्यंत काहीच सापडत नाही. असे उत्तरच नसावे, असे वाटून कोणीही हात टेकले असते. भास्कराचार्यांनी हेच उदाहरण निवडले ते योगायोगाने नक्कीच नाही. जिथे चाचपडणे हरते आणि पद्धत जिंकते, अशी जागा त्यांनी हेरली.

ती पद्धत म्हणजे चक्रवाल. तिच्यात तीन संख्या बरोबर चालतात. ज्या संख्येचा वर्ग करून ६१ ने गुणायचे ते कनिष्ठ मूळ, शेवटी ज्याचा वर्ग यायला हवा ते ज्येष्ठ मूळ, आणि दोहोंचा मेळ बसवण्यासाठी जे मिळवावे किंवा वजा करावे लागते तो क्षेप. आपल्याला क्षेप १ हवा आहे. सुरुवात मात्र जो सहज मिळेल त्या क्षेपाने करायची.

कनिष्ठ १ घेऊ. त्याची एकसष्टपट ६१. त्यात ३ मिळवले की ६४ होतात, म्हणजे ८ चा वर्ग. तर कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. आता अशी एक संख्या निवडायची की तिला कनिष्ठाने गुणून ज्येष्ठ मिळवले तर त्या बेरजेला क्षेपाने, म्हणजे ३ ने, नि:शेष भाग जावा. १, ४, ७, १० अशा संख्या इथे चालतात. त्यांतली कोणती घ्यायची? जिचा वर्ग ६१ च्या सर्वांत जवळ असेल ती. ७ चा वर्ग ४९, ६१ पासून १२ ने दूर. १० चा वर्ग १००, ३९ ने दूर. म्हणून ७. मग नवे कनिष्ठ म्हणजे ७ अधिक ८, भागिले ३, आले ५. नवा क्षेप म्हणजे ४९ वजा ६१, भागिले ३. आला उणे ४. आणि नवे ज्येष्ठ आपोआप ठरते: २५ ची एकसष्टपट १५२५, त्यातून ४ गेले, १५२१ राहिले, तो ३९ चा वर्ग.

क्षेप लहानच राहतो आहे, मुळे वाढत आहेत. हेच चक्र पुढे फिरवत राहिले तरी उत्तर येते. पण क्षेप ४ किंवा उणे ४ आला की एक जवळची वाट मिळते, आणि ती भास्कराचार्यांच्याही पाचशे वर्षे आधी ब्रह्मगुप्ताने दाखवून ठेवली होती. इसवी सन ६२८ च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त त्याने भावना नावाची कृती दिली आहे. दोन उत्तरे हाती असली तर त्यांच्यापासून तिसरे कसे घडवावे, हे ती सांगते. पहिल्याचे कनिष्ठ दुसऱ्याच्या ज्येष्ठाने गुणा, दुसऱ्याचे कनिष्ठ पहिल्याच्या ज्येष्ठाने गुणा, दोन्ही मिळवा: हे नवे कनिष्ठ. दोन्ही ज्येष्ठांच्या गुणाकारात दोन्ही कनिष्ठांच्या गुणाकाराची एकसष्टपट मिळवा: हे नवे ज्येष्ठ. क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप. वज्राभ्यास म्हणून ज्या तिरकस गुणाकाराचा उल्लेख जुन्या ग्रंथांत येतो, तो हाच. ज्याला दोन कंसांचा गुणाकार येतो त्याला हे सूत्र एकदा सिद्ध करून दाखवले की पुन्हा विसरणार नाही.

आता ५, ३९ आणि उणे ४ यांच्याकडे वळू. मुळांना २ ने भागले की क्षेपाला ४ ने भाग जातो. म्हणजे पाच द्वितीयांश, एकोणचाळीस द्वितीयांश आणि क्षेप उणे १. अपूर्णांक आले, पण घाबरण्याचे कारण नाही. याची स्वतःशीच भावना केली की १९५ द्वितीयांश आणि १५२३ द्वितीयांश ही मुळे येतात, क्षेप १. क्षेप हवा तो आला, पण मुळे अजून अपूर्णांकात आहेत. त्यांची पुन्हा पहिल्या जोडीशी भावना करा. आता अपूर्णांक जातात आणि ३८०५ व २९७१८ या पूर्ण संख्या मिळतात, मात्र क्षेप उणे १ होतो. २९७१८ चा वर्ग ८८३१५९५२४ आहे आणि ३८०५ च्या वर्गाची एकसष्टपट ८८३१५९५२५. एकाचा फरक, पण उलट्या बाजूचा. म्हणून या जोडीची स्वतःशी शेवटची भावना. उणे १ गुणिले उणे १, क्षेप १. कनिष्ठ म्हणजे ३८०५ आणि २९७१८ यांच्या गुणाकाराची दुप्पट, २२६१५३९८०. ज्येष्ठ म्हणजे वरच्या दोन नऊ अंकी संख्यांची बेरीज, १७६६३१९०४९.

संपले. वहीचे एक पानही पुरते भरत नाही.

या वाटेने आलेल्या माणसाला १७६६३१९०४९ ही संख्या आता नुसती मोठी दिसत नाही, तिची घडण दिसते. तिच्यातून १ वजा करा: १७६६३१९०४८, ही २९७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट. तिच्यात १ मिळवा: १७६६३१९०५०, ही ३८०५ च्या वर्गाची बरोबर १२२ पट. म्हणजे डावीउजवीकडचे दोन्ही शेजारी आपल्या मधल्या टप्प्यातूनच आलेले आहेत. त्या दोघांचा गुणाकार केला की २२६१५३९८० च्या वर्गाची एकसष्टपट होते, आणि मूळच्या समीकरणाचा पडताळा दोन ओळींत मिळतो. एकोणीस अंकी वर्ग करत बसावे लागत नाही. संख्या मूळ आहे का? नाही, तिला १५२३ ने भाग जातो. हे १५२३ ओळखीचे आहे: अपूर्णांकांच्या पायरीवर जे १५२३ द्वितीयांश भेटले होते, त्याचाच हा अंश. भागाकार येतो ११५९७६३, आणि तोही १५२३ च्या वर्गातून ३ वजा करून निम्मे केले की मिळतो. कनिष्ठ मूळ २२६१५३९८० चे अवयव पाडले तर २ दोनदा, ३ दोनदा, मग ५, १३, १२७ आणि ७६१. त्यांतले ५ आणि ७६१ हे ३८०५ चे, बाकीचे २९७१८ आणि त्याची दुप्पट यांचे. इतक्या मोठ्या संख्येचे अवयव एरवी शोधायला किती वेळ गेला असता! इथे ते कृतीबरोबरच हाती येतात.

आणि या साऱ्याचा उपयोग? १७६६३१९०४९ ला २२६१५३९८० ने भागा. ६१ चे वर्गमूळ मिळेल, आणि खऱ्या वर्गमुळाशी त्याचा फरक १ भागिले १० चा सतरावा घात एवढाही नसेल. ६१ चे वर्गमूळ अपरिमेय आहे, कुठल्याही अपूर्णांकाने ते नेमके सांगता येत नाही, हे नववीत शिकवतात. पण नेमके सांगता येत नसले तरी किती जवळ जाता येते आणि कसे, हा त्यापुढचा प्रश्न अधिक रसाळ आहे, आणि चक्रवाल हे त्याचे उत्तर आहे. ६१ एवढे अवघड का, हेही तिथेच उलगडते. ६० आणि ६२ यांची वर्गमुळे वितत अपूर्णांकात, म्हणजे छेदात पुन्हा अपूर्णांक येत जाणाऱ्या साखळीत, लिहिली तर चार पदांनंतर तीच पदे पुन्हा येऊ लागतात. ६१ च्या वर्गमुळाला अकरा पदे लागतात. शिवाय अकरा ही विषम संख्या असल्याने पहिल्या फेरीअखेर क्षेप उणे १ येतो आणि दुसरी फेरी घ्यावी लागते. ३८०५ आणि २९७१८ वर जे अडले होते, त्याचे कारण हे आहे.

श्रेयाचा हिशेबही गणितासारखाच चोख मांडला पाहिजे. चक्रवाल ही एकट्या भास्कराचार्यांची निर्मिती नाही. जयदेव नावाच्या गणितज्ञाने ती त्यांच्या आधी सांगितली होती. उदयदिवाकराने १०७३ मधल्या आपल्या टीकेत त्याचे श्लोक उद्धृत केले म्हणून ते आज आपल्याला ठाऊक आहेत, आणि लखनौच्या कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये ते उजेडात आणले. जयदेवाविषयी याहून फारसे काहीच हाती नाही, ही हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे. भास्कराचार्यांचे मोठेपण असे की त्यांनी ही पद्धत नेटकी केली, नेमक्या उदाहरणांनी तिची ताकद दाखवली आणि पुढच्या पिढ्यांच्या अभ्यासात तिला कायमची जागा मिळवून दिली. ती प्रत्येक वेळी उत्तरापर्यंत पोहोचतेच, याची सिद्धता मात्र त्यांनी दिलेली नाही. हे सांगण्यात कमीपणा काही नाही.

फ्रान्सच्या पिएर द फर्मा यांनी फेब्रुवारी १६५७ मध्ये याच जातीचे कोडे इंग्लंडच्या गणितज्ञांपुढे टाकले. आपल्या मित्राला, फ्रेनिकलला लिहिताना त्यांनी जी दोन उदाहरणे निवडली त्यांतले एक ६१ च होते. दुसरे १०९, ज्याचे ज्येष्ठ मूळ पंधरा अंकी येते: १५८०७०६७१९८६२४९. भास्कराचार्यांचे उदाहरण फर्माला माहीत असल्याचा काही पुरावा नाही. ज्यांना संख्यांची खोल जाण असते त्यांची बोटे त्याच जागेवर पडतात, एवढेच यातून दिसते. इंग्लंडमध्ये लॉर्ड ब्राउंकर यांनी रीत शोधली. पुढे ऑयलर यांनी गैरसमजाने ती जॉन पेल यांच्या नावावर मांडली आणि आज जगभर या समीकरणाला पेलचे समीकरण म्हणतात. पेल यांचा ते सोडवण्याशी संबंध नव्हता. वर्ग नसलेली कोणतीही संख्या ६१ च्या जागी घेतली तरी उत्तर असतेच, हे लाग्रांज यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केले. कोलब्रुक यांनी १८१७ मध्ये भास्कराचार्यांचे बीजगणित इंग्रजीत आणले, तेव्हा युरोपला कळले की हे कोडे सहाशे वर्षांपूर्वीच सुटलेले होते. जर्मन इतिहासकार हांकेल यांनी १८७४ मध्ये चक्रवालाला लाग्रांजपूर्व संख्या-सिद्धान्तातली सर्वांत उत्तम गोष्ट ठरवले. चक्रवाल नेहमी उत्तरापर्यंत पोहोचतेच, याची स्वतंत्र सिद्धता १९२९-३० च्या सुमारास म्हैसूरच्या ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी दिली. कवी ए. के. रामानुजन यांचे ते वडील. जयदेव, भास्कराचार्य, अय्यंगार अशी ही साखळी नऊशे वर्षांची आहे, आणि तिचा शेवटचा दुवा आपल्या आजोबांच्या काळातला आहे, हे फार थोड्यांच्या कानावर असते.

भास्कराचार्यांच्या नावाची आपल्याकडे वाण नाही. १९७९ आणि १९८१ मध्ये सोडलेल्या उपग्रहांना भास्कर हे नाव मिळाले. २०१४ मध्ये त्यांच्या जन्माला नऊशे वर्षे झाली तेव्हा समारंभ झाले, भाषणे झाली. लीलावतीची आणि घटिकापात्रात पडलेल्या मोत्याची गोष्ट घरोघरी माहीत आहे. ती फैजीच्या १५८७ मधल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून पसरली, भास्कराचार्यांनी ती कुठेही सांगितलेली नाही. त्यांनी स्वतः सांगितलेले विज्जडवीड हे गाव चाळीसगावजवळचे की विजापूर की बीड, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ हिरिरीने वाद चालू आहे. गावाचा शोध घेणे हे इतिहासाचे काम आहे, ते अभ्यासकांनी जरूर करावे. पण ज्या माणसाच्या जन्मगावासाठी आपण भांडतो त्याचे एकही गणित आपल्याला करून दाखवता येत नसेल, तर त्या अभिमानाला बूड नाही. हा दोष आम्ही मुलांवर ठेवत नाही. त्यांच्यासमोर नाव ठेवले जाते, कृती ठेवली जात नाही.

दुसरीकडे, प्राचीन भारतीय गणित म्हणून शिकवणीवर्गांत जे विकले जाते ते बहुतेक १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वैदिक गणित’ या पुस्तकातले झटपट गुणाकार असतात. त्या युक्त्या हिशेबाला उपयोगी पडत असतील, पण ती सूत्रे उपलब्ध वेदसंहितांत आढळत नाहीत, आणि त्यांतून मुलाला गणिताचा नवा प्रश्न विचारता येत नाही. ज्या देशाकडे चक्रवालासारखी अस्सल, तारीखवार सिद्ध होणारी, जगाने मान्य केलेली गोष्ट आहे, त्याने मुलांच्या हाती शंकास्पद वारसा द्यावा याचे मनस्वी वाईट वाटते.

या बाबतीत भास्कराचार्यांच्या घराण्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकातला एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो अभ्यासकांच्या नजरेस आणला आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीही आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात त्याची दखल घेतली. त्यात भास्कराचार्यांची वंशावळ आहे. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांची कीर्ती टिकावी म्हणून त्याने मठ स्थापला तो त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि घराण्यातले इतर ग्रंथ तिथे शिकवले जावेत, हे त्या लेखात स्पष्ट लिहिले आहे. मठाचा खर्च भागावा म्हणून निकुंभ घराण्यातल्या स्थानिक राजांनी दान दिले, आणि त्या दानाचा तपशील त्या काळच्या मराठीत कोरला: बाजारात येणाऱ्या मालावरच्या उत्पन्नाचा वाटा, तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल. एका खेड्याच्या बाजारपेठेने गणिताच्या अध्यापनाचा खर्च उचलावा, अशी व्यवस्था आठशे वर्षांपूर्वी या मातीत झाली होती. लीलावतीच्या मोत्यापेक्षा ही गोष्ट मुलांना आधी सांगायला हवी.

अभ्यासक्रम आधीच जड आहे, त्यात हे आणखी कशाला, अशी हरकत निघेल. ती रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर दिले पाहिजे. चक्रवालाला लागते काय? वर्ग, विभाज्यता, ऋण संख्या, अपूर्णांक आणि दोन कंसांचा गुणाकार. हे सारे आठवी-नववीपर्यंत शिकून झालेले असते. वेगळा धडा नको, परीक्षेत प्रश्न नको. वर्गमुळांचे प्रकरण संपले की एक तास पुरेल. पहिल्या अर्ध्या तासात ६० आणि ६२ मुलांना आपल्या आपण सोडवू द्यावीत, ती सोडवतात. मग ६१ द्यावे आणि त्यांना अडू द्यावे. अडल्यावर जे शिकवले जाते ते राहते. शेवटचे मोठे गुणाकार गणकयंत्रावर करायलाही हरकत नाही, कारण शिकायचे आहे ते गुणाकारांमागचे डोके. ज्या वर्गात एखादे मूल विचारील की ६१ च्या जागी ६४ का चालत नाही, त्या वर्गात तास सार्थकी लागला. (६४ स्वतःच वर्ग आहे, आणि एकाच्या फरकाने दोन पूर्ण वर्ग शून्य व एक सोडले तर कुठेच येत नाहीत.)

पाठ्यपुस्तक मंडळाने हे पान छापावे, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. पण शिक्षकांनी त्यासाठी थांबू नये. ब्रह्मगुप्ताने ९२ चे असे उदाहरण देऊन, वर्षभरात जो सोडवील तो गणक, असे म्हटले होते. तिथे कनिष्ठ १२० आणि ज्येष्ठ ११५१ येते. आज तेवढा वेळ लागणार नाही, कारण रीत हाती आहे. पाटणला सहलीला जाणाऱ्या शाळांनी मंदिराबरोबर शिलालेखाची माहितीही मुलांना द्यावी आणि परतल्यावर फळ्यावर ६१ लिहावे.

आणि वाचकहो, वरचे एकसष्ट आमच्या पाठोपाठ वाचून झाले असेल तर आता स्वतः ६७ घ्या. हेही भास्कराचार्यांचेच उदाहरण आहे. कनिष्ठ १, ज्येष्ठ ८ आणि क्षेप उणे ३ यांपासून सुरुवात करा. वाटेत क्षेप ६, उणे ७ आणि उणे २ असे येतील. उणे २ वर चक्र थांबवून स्वतःशी भावना करा आणि आलेली मुळे निम्मी करा. कनिष्ठ ५९६७ आणि ज्येष्ठ ४८८४२ यायला हवे.